ताप आणि निदान : स्वयंचलित ट्रान्समिशनमधील उष्णतेच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा

गोषवारा

मोटारीतील स्वयंचलित ट्रान्समिशन तापणे ही वरवर पाहता गॅरेजमधील एक नेहमीची तक्रार आहे. परंतु या तक्रारीला सुमारे शतकभराचा इतिहास आहे. उष्णता वाहून नेणे, उष्णता सहन करणारे तेल तयार करणे आणि उष्णता निर्माणच होऊ न देणे, असे तीन मार्ग अभियंत्यांनी या काळात अवलंबले. प्रस्तुत निबंधात या तीन मार्गांचा आढावा घेतला असून, त्यांच्याबरोबर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची निदानपद्धती कशी बदलत गेली याचे विवेचन केले आहे. यंत्र जसजसे सुधारत गेले तसतशी निदानाची साधने वाहनधारकाच्या हातून निसटत गेली, हा या आढाव्यातून पुढे येणारा प्रमुख मुद्दा होय.

बीजसंज्ञा : स्वयंचलित ट्रान्समिशन, टॉर्क कन्व्हर्टर, उष्णता, निदान, दुरुस्ती, तंत्रज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी, केव्हा, काय शोधले याची नोंद होते. ते यंत्र पुढे कसे बिघडले, कोणी दुरुस्त केले आणि दुरुस्तीच्या अनुभवातून यंत्राचे रूप कसे पालटले, याची नोंद क्वचितच होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात याच उणिवेकडे लक्ष वेधले आणि वापर व देखभाल यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान देण्याचा आग्रह धरला. या दृष्टीने पाहता स्वयंचलित ट्रान्समिशन हे अभ्यासास अत्यंत योग्य असे उदाहरण ठरते. कारण या यंत्राचा जन्मच एका अपरिहार्य दोषासह झाला. तो दोष म्हणजे उष्णता.

इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणे आणि रस्त्याच्या गरजेनुसार वेग व जोर यांचे प्रमाण बदलणे हे ट्रान्समिशनचे कार्य होय. साध्या गाडीत चालक क्लच दाबून हाताने गिअर बदलतो. स्वयंचलित गाडीत हे काम यंत्र स्वतः करते आणि त्यासाठी तेलाचा तीन प्रकारे उपयोग होतो. तेच तेल शक्तीचे वहन करते, तेच दाबाखाली आतील क्लच आणि पट्टे आवळून धरते, आणि वंगण व शीतक म्हणूनही तेच काम करते. एकाच द्रवावर इतक्या जबाबदाऱ्या असल्यामुळे तो द्रव तापला की सर्व कार्ये एकाच वेळी ढासळतात. तेल तापले की पातळ होते, पातळ झाले की पंपातून व झडपांतून गळू लागते, त्यामुळे दाब कमी होतो, दाब कमी झाला की क्लच घसरतो, आणि घसरलेला क्लच पुन्हा नवी उष्णता निर्माण करतो. हे दुष्टचक्र नेमके कोठे सुरू झाले हे ओळखणे म्हणजेच निदान. वैद्यकात ताप हे लक्षण मानून मूळ रोग शोधला जातो; ट्रान्समिशनच्या बाबतीत हे सूत्र समजण्यास मोटारउद्योगाला आणि गॅरेजला दीर्घ काळ लागला.

२. उष्णतेचा उगम : जहाजापासून मोटारीपर्यंत

द्रवाच्या साहाय्याने शक्तीचे वहन करण्याची कल्पना मोटारीसाठी जन्माला आली नव्हती. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली तिचे एकस्व घेतले ते जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन अतिशय वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंचा मेळ घालणे हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. इंजिनाने फिरविलेले एक पात्यांचे चक्र द्रवाला गती देते आणि तो द्रव समोरच्या दुसऱ्या चक्रावर आदळून त्यास फिरवितो, असे या योजनेचे स्वरूप होते. दोन्ही चक्रांच्या मध्ये द्रव परत वळविणारे तिसरे स्थिर चक्र बसविले की जोर वाढतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तिसरे चक्र नसेल तर ती केवळ द्रव-जोडणी ठरते.

या रचनेत एक गोष्ट अटळ आहे. दुसरे चक्र पहिल्यापेक्षा थोडे तरी मागे राहिल्याशिवाय शक्तीचे वहन होतच नाही. ही मागे राहण्याची क्रिया म्हणजे 'स्लिप', आणि स्लिपमुळे वाया जाणारी संपूर्ण शक्ती द्रवात उष्णतेच्या रूपाने साठते. गाडी उभी असताना ब्रेक दाबून इंजिन जोरात चालविले तर चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही आणि कन्व्हर्टरला मिळालेल्या सर्व शक्तीची उष्णता होते. याचे प्रमाण एका साध्या गणिताने लक्षात येईल. ५० किलोवॅट शक्ती केवळ १० सेकंद अशा रीतीने वाया गेली तर ५०० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ती सर्व आठ किलो तेलात साठली असे धरले, तर त्या तेलाचे तापमान दहा सेकंदांत सुमारे ३० अंश सेल्सिअसने वाढते. चढावरील रहदारीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी धरून ठेवणारा चालक हाच प्रयोग नकळत करीत असतो.

मोटारीत ही योजना प्रथम सौम्य रूपात आली. ब्रिटनमधील डेमलर कंपनीने १९३० साली द्रव-जोडणी आणि विल्सन पद्धतीचा गिअरबॉक्स यांचा संयोग बाजारात आणला. परंतु गिअर निवडण्याचे काम अद्याप चालकाकडेच होते. संपूर्ण स्वयंचलित आणि मोठ्या प्रमाणावर खपलेले पहिले ट्रान्समिशन म्हणजे जनरल मोटर्सचे हायड्रा-मॅटिक. अर्ल थॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले हे यंत्र १९३९ मध्ये जाहीर होऊन १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत उपलब्ध झाले. त्यात कन्व्हर्टर नव्हता; द्रव-जोडणी आणि चार गिअर होते. विशेष म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या शक्तीचा काही भाग द्रवातून आणि उरलेला भाग थेट यांत्रिक मार्गाने जाईल अशी विभागणी केलेली होती. त्यामुळे स्लिप कमी आणि पर्यायाने उष्णताही कमी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनांना दोन हायड्रा-मॅटिक जोडण्यात आली आणि हे यंत्र रणांगणावरही टिकते हे सिद्ध झाले. पुढील काळातील अनेक रचनांशी तुलना करता उष्णतेच्या प्रश्नाची जाण या पहिल्याच यंत्रात अधिक होती, ही बाब लक्षणीय होय.

३. उष्णता वाहून नेण्याचा मार्ग

महायुद्धानंतर अमेरिकन ग्राहकाला गुळगुळीतपणा हवा होता. हायड्रा-मॅटिक गिअर बदलताना हलकासा धक्का देत असे. १९४८ मध्ये ब्युइकने आणलेल्या डायनाफ्लो ट्रान्समिशनने हा धक्का पूर्णपणे नाहीसा केला. या यंत्रात नेहमीच्या चालण्यात गिअर बदलतच नसे. जोर वाढविण्याचे सर्व काम टॉर्क कन्व्हर्टर करीत असे. गाडी लोण्यासारखी चाले, पण तिला वेग घेण्यास वेळ लागे आणि पेट्रोलही अधिक लागे. ज्या शक्तीचा वेग झाला नाही तिची उष्णता झाली. १९५० मध्ये शेव्हरोलेचे पॉवरग्लाइड आणि १९५१ मध्ये फोर्डचे फोर्ड-ओ-मॅटिक आले आणि कन्व्हर्टर सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीत पोहोचला.

या टप्प्यावर उद्योगाने स्वीकारलेले उत्तर म्हणजे निर्माण झालेली उष्णता बाहेर वाहून नेणे. काही रचनांत, उदाहरणार्थ स्टुडबेकरच्या १९५० च्या ट्रान्समिशनमध्ये, कन्व्हर्टर हवेने थंड केला जाई. परंतु कालांतराने रूढ झाली ती दुसरी पद्धत. तीत ट्रान्समिशनचे तेल नळीवाटे पुढे नेऊन इंजिनाच्या रेडिएटरच्या टाकीतच बसविलेल्या लहान कूलरमधून फिरविले जाते. ही योजना स्वस्त आणि आटोपशीर होती. थंडीच्या दिवसांत तीच योजना तेल लवकर गरमही करीत असे. परंतु तिच्यात दोन धोके दडलेले होते. पहिला असा, की इंजिनाचे पाणी जितके गरम, त्याहून तेल अधिक थंड होऊ शकत नाही. रेडिएटर क्षाराने तुंबला की इंजिनाबरोबर ट्रान्समिशनही तापते. दुसरा धोका अधिक गंभीर होता. कूलरची पातळ भिंत झिजली की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात. अशा तेलाचा रंग दुधाळ गुलाबी होतो आणि पाण्याच्या संपर्काने क्लचच्या चकत्यांवरील अस्तर सुटू लागते. अशा प्रसंगी केवळ तेल बदलून भागत नाही.

मागे तंबू-गाडी किंवा नाव ओढण्याची प्रथा अमेरिकेत वाढली तेव्हा रेडिएटरमधील कूलर अपुरा पडू लागला आणि समोर हवेत बसविण्याचा जादा कूलर बाजारात आला. हा उपाय जड ओझे ओढणाऱ्या निरोगी ट्रान्समिशनसाठी योग्यच होता. मात्र त्याचे सुलभीकरण होऊन 'गिअरबॉक्स तापतो, कूलर बसवा' असा सरसकट इलाज रूढ झाला. आतील क्लच घसरत असताना बाहेर कूलर बसविणे म्हणजे रोग्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून रोग बरा झाल्याचे मानणे होय. तापमान काही काळ उतरते, क्लच मात्र झिजतच राहतो.

४. तेलाची कथा

दुसरा मार्ग तेलाच्या रसायनाचा होता. प्रारंभीच्या काळात ट्रान्समिशनचे तेल म्हणजे इंजिन तेलाचाच एक प्रकार मानला जाई. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' हे स्वतंत्र मानक ठरविले आणि १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' हे नाव प्रचारात आले. या तेलांत घर्षण नियंत्रित करणारा एक महत्त्वाचा घटक होता तो म्हणजे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशापासून मिळणारे तेल. क्लचच्या चकत्या एकमेकींना भिडताना धक्का बसू नये आणि तरीही त्या फार काळ घसरत राहू नयेत, हा नाजूक तोल ते साधीत असे. उच्च तापमानालाही ते चांगले टिके.

अमेरिकेने १९७० मध्ये स्पर्म व्हेलचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला आणि या तेलाची आयात बंद झाली. एका प्राण्याच्या संरक्षणाचा निर्णय लक्षावधी गाड्यांच्या गिअरबॉक्सपर्यंत जाऊन पोहोचला. पर्यायी रसायने शोधून डेक्सरॉनची दुसरी आवृत्ती तयार करण्यात आली. तिच्या प्रारंभीच्या स्वरूपामुळे रेडिएटरमधील कूलरचे सांधे गंजत असल्याचे आढळले आणि गंजरोधक घालून ती सुधारावी लागली. म्हणजे उष्णता सहन करण्यासाठी बदललेल्या तेलाने उष्णता वाहून नेणाऱ्या कूलरवरच आघात केला. एका भागातील सुधारणा दुसऱ्या भागात बिघाड उत्पन्न करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच काळात फोर्ड कंपनीचे तेल मुद्दाम अधिक घर्षण ठेवणारे, तर जनरल मोटर्सचे तेल घर्षण सौम्य करणारे होते. दोन्ही लाल रंगाची. पण एकाच्या जागी दुसरे घातले तर एकीकडे धक्के, तर दुसरीकडे घसरण व ताप. तेल कोणते घातले गेले होते, हा प्रश्न तेव्हापासून निदानाचा एक आवश्यक भाग बनला. तेलाच्या आयुष्याविषयी कार्यशाळांत एक ठोकताळाही रूढ झाला. सुमारे ८० अंश सेल्सिअस हे तेलास मानवणारे तापमान असून त्यापुढे दर ११ अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असे तो सांगतो. सुमारे ११५ अंशांपुढे तेलाचा रोगणासारखा थर धातूवर बसू लागतो, त्याहून पुढे रबरी सील कडक होतात आणि १५० अंशांच्या आसपास क्लच जळू लागतात. आकडे काटेकोर नसले तरी बिघाडाचा क्रम ते योग्य दाखवितात.

५. निदानाची कार्यपद्धती

साधारणपणे १९५० ते १९९० या चार दशकांत ट्रान्समिशन दुरुस्तीचे एक स्वतंत्र कौशल्य विकसित झाले. त्याचा पाया इंद्रियांच्या साक्षीवर होता. कारागीर प्रथम इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. तेल जास्त असेल तर फिरणारे गिअर ते घुसळून त्याचा फेस करतात. दोन्ही प्रसंगी दाब कमी होतो आणि तापमान वाढते. म्हणूनच तापणाऱ्या यंत्रात 'थोडे जास्त तेल असू द्यावे' ही समजूत घातक ठरते. त्यानंतर तेलाचा वास घेतला जाई. जळकट वास येणारे, काळपट तेल जळलेल्या क्लचकडे बोट दाखवी. मात्र अलीकडील तेले निरोगी यंत्रातही लवकर काळसर होतात. त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढता येत नाही. खालची पेटी उघडल्यावर तळाशी असलेल्या चुंबकावरील बारीक करडा लेप स्वाभाविक मानला जाई. धातूचे तुकडे किंवा अस्तराचा काळा गाळ मात्र संपूर्ण खोलणीचा इशारा समजला जाई.

यानंतर मोजमापाची पायरी येई. दाबमापक जोडून तेलाचा दाब पाहिला जाई. दाब कमी असण्याचे कारण नेहमी आतच असते असे नाही. जनरल मोटर्सच्या १९८२ मध्ये आलेल्या ७००-आर४ या ट्रान्समिशनमध्ये ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल आतील दाब ठरवीत असे. ही केबल सैल राहिली तर इंजिन पूर्ण जोर लावत असतानाही दाब अपुरा राही आणि चांगले क्लच जळून जात. नव्याने बांधलेला गिअरबॉक्स चुकीच्या केबलमुळे पुन्हा जळणे, ही केवळ साहित्याची हानी नव्हती. वाहनधारकाला तोच खर्च दुसऱ्यांदा सोसावा लागे आणि कारागिराचे नाव जाई.

कन्व्हर्टरच्या परीक्षेसाठी 'स्टॉल' चाचणी वापरली जाई. ब्रेक घट्ट दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिनाचे फेरे कोठे स्थिरावतात ते पाहायचे. ही चाचणी पाच सेकंदांहून अधिक काळ करू नये असा दंडक होता. त्याचे कारण वर दिलेल्या गणितात आहे. फेरे अपेक्षेपेक्षा अधिक चढले तर क्लच घसरतो आहे किंवा दाब कमी आहे. फेरे बरेच कमी राहिले तर इंजिन दुबळे आहे किंवा कन्व्हर्टरमधील स्टेटरचा, म्हणजे त्या तिसऱ्या चक्राचा, एकाच दिशेने फिरू देणारा क्लच निसटला आहे. परंतु या क्लचचा उलट बिघाडही संभवतो. तो कायमचा अडकून बसला तर उभ्या गाडीची चाचणी निर्दोष येते, गाडी जागेवरून जोमाने सुटते, आणि तरीही महामार्गावर तिचा वेग वाढत नाही व ट्रान्समिशन तापते. कारण वेगात मोकळे फिरायला हवे असलेले चक्र प्रवाहाला अडवून बसते. 'गाडी केव्हा तापते', सावकाश चालताना की वेगात, हा एक साधा प्रश्न येथे महागड्या उपकरणाहून मोलाचा ठरतो.

शेवटची पायरी कूलरची. परतीची नळी सोडवून तेल एका भांड्यात घेतले असता चालू इंजिनावर अर्ध्या मिनिटात सुमारे लिटरभर तेल यावे, असा स्थूल मापदंड अनेक कार्यशाळांत वापरला जातो. प्रवाह त्याहून बराच कमी असेल तर नळी दबलेली किंवा कूलर गाळाने तुंबलेला असतो. येथेच दुरुस्तीतील एक सर्वाधिक महाग चूक घडते. जळालेला गिअरबॉक्स खोलून नवे क्लच घातले जातात. पण जुन्या क्लचचा चुरा कूलरमध्ये तसाच राहतो. नवे यंत्र काही महिन्यांत पुन्हा तापते आणि दोष नव्या सुट्या भागांना दिला जातो. म्हणून मोठ्या दुरुस्तीनंतर कूलर व नळ्या धुऊन काढणे किंवा बदलणे, आणि त्यानंतर प्रवाह पुन्हा मोजणे, हा दुरुस्तीचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

६. उष्णता निर्माण होऊ न देण्याचा मार्ग

तिसरा मार्ग सर्वांत मूलगामी होता. गाडीने वेग घेतल्यानंतर कन्व्हर्टरची गरजच उरत नाही. तेव्हा त्याची दोन्ही चक्रे एका क्लचने घट्ट जोडून टाकली तर स्लिप शून्य होते. पॅकार्ड कंपनीने १९४९ च्या अल्ट्रामॅटिक ट्रान्समिशनमध्ये हीच योजना केली होती आणि स्टुडबेकरनेही ती अंगीकारली होती. परंतु पेट्रोल स्वस्त असलेल्या त्या काळात तिचे महत्त्व कोणास वाटले नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर या दोन्ही रचना मागे पडल्या आणि त्यांच्याबरोबर ही कल्पनाही वीसेक वर्षे बाजूला पडली.

ती परत आली तीसुद्धा उष्णतेच्या चिंतेने नव्हे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये ऊर्जा धोरणाचा कायदा केला आणि १९७८ च्या गाड्यांपासून इंधनबचतीची सरासरी बंधनकारक झाली. त्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या टॉर्कफ्लाइट ट्रान्समिशनमध्ये 'लॉक-अप' क्लच बसविला आणि इतर कंपन्यांनी तोच मार्ग धरला. वाया जाणारे इंधन आणि वाढणारे तापमान ही एकाच स्लिपची दोन रूपे असल्यामुळे इंधन वाचविण्याच्या प्रयत्नात उष्णतेचाही प्रश्न बराच सुटला.

मात्र या उपायाने निदानात एक नवे पान जोडले. लॉक-अप लागलाच नाही तर गाडी चालते, गिअर बदलतात, धक्का बसत नाही. केवळ महामार्गावर इंजिनाचे फेरे थोडे अधिक राहतात आणि तेल तापत जाते. ब्रेक दाबताच लॉक-अप सुटावा यासाठी ब्रेकच्या पेडलजवळ एक स्विच असतो. तो स्विच बिघडून 'ब्रेक दाबलेला आहे' असाच संदेश देत राहिला तर लॉक-अप कधीच लागत नाही. येथे तापाचे कारण ट्रान्समिशनच्या बाहेर, चालकाच्या पायाशी आणि अत्यल्प किमतीच्या भागात असते. त्याची परीक्षाही सोपी आहे. समान वेगात जाताना ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकला हलका स्पर्श करावा. फेरे किंचित वाढले तर लॉक-अप लागलेला होता, न वाढले तर तो लागलेलाच नव्हता.

७. संगणकीय निदान आणि बंद झालेली पेटी

१९८० च्या दशकापासून ट्रान्समिशनचे नियंत्रण संगणकाकडे जाऊ लागले. तेलाचे तापमान मोजणारा संवेदक आत बसला आणि तेल तापताच गिअर बदलण्याचा क्रम पालटणे, लॉक-अप लवकर लावणे अशी बचावाची कामे यंत्र स्वतः करू लागले. अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून निदानाची सामाईक संकेतप्रणाली बंधनकारक झाली. 'पी ०२१८' हा संकेत ट्रान्समिशनचे तेल मर्यादेबाहेर तापल्याचे सांगतो, तर 'पी ०७४१' हा लॉक-अपच्या कार्यातील दोष दर्शवितो.

ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि संकेत म्हणजे निदान नव्हे. 'तेल तापले' एवढेच पहिला संकेत सांगतो. तुंबलेला कूलर, घसरणारा क्लच, अडकलेला स्टेटर, पातळीचा दोष की तेल कूलरकडे जाऊच न देणारी अडकलेली तापनियंत्रक झडप, हे शोधण्याचे काम पूर्वीइतकेच शिल्लक राहते. थर्मामीटर हाती आला म्हणून वैद्याचे काम संपत नाही, तसेच हे आहे.

याच सुमारास आणखी एक बदल शांतपणे घडला. अनेक गाड्यांमधून ट्रान्समिशनची डिपस्टिक काढून टाकण्यात आली आणि आतील तेल 'आयुष्यभर पुरणारे' असल्याचे सांगण्यात येऊ लागले. तेलाची पातळी पाहायची तर गाडी उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, खालची खूण-बोल्ट उघडावी लागते. अशिक्षित हातांनी चुकीचे तेल घालू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की एका मिनिटात, चिंधी आणि नाक यांच्या साहाय्याने, वाहनधारक स्वतः करू शकत होता ती तपासणी त्याच्या आवाक्याबाहेर गेली. आयुष्यभर म्हणजे कोणाचे आयुष्य, गाडीचे की हमीच्या मुदतीचे, हा प्रश्न मुदत संपल्यावर जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

८. भारतीय संदर्भ

भारतात द्रवचलित ट्रान्समिशनचा प्रवेश मोटारीच्या आधी रेल्वेत ठळकपणे दिसतो. मन मोहन सुरी या भारतीय अभियंत्याने विकसित केलेल्या 'सुरी ट्रान्समिशन'मध्ये कन्व्हर्टर आणि द्रव-जोडणी यांचा एकाच यंत्रणेत मेळ घातलेला होता. सुटताना जोर आणि वेगात कार्यक्षमता, हाच त्यामागील विचार होता. पुण्यातील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने या ट्रान्समिशनचे उत्पादन केले आणि शंटिंग करणाऱ्या डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांत त्याचा उपयोग झाला. उष्णतेच्या मूळ प्रश्नाला भारतीय अभियांत्रिकीने दिलेले हे स्वतंत्र उत्तर होते.

मोटारींच्या बाबतीत मात्र दीर्घ काळ स्वयंचलित ट्रान्समिशन ही थोड्यांचीच चैन राहिली. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ गाडीत आलेल्या एएमटी प्रकाराने हे चित्र पालटले. या प्रकारात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे 'ऑटोमॅटिक तापते' ही तक्रार एकच असली तरी तिचा अर्थ गाडीगणिक बदलतो. बोर घाटात किंवा खंबाटकी घाटात वाहनांच्या रांगेत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर कन्व्हर्टरच्या गाडीत तेल तापते आणि ते कूलरमधून थंड होऊ शकते. एएमटी गाडीत कोरड्या क्लचचे अस्तर तापते आणि तेथे कूलरचा काहीच उपयोग नसतो. पहिल्या गाडीचा इलाज दुसरीला लावणे म्हणजे अमेरिकेत १९५० च्या दशकानंतर घडलेली चूक नव्या रूपात पुन्हा करणे होय. कोणते यंत्र, कोणत्या प्रसंगी तापते, हे आधी ठरविणे म्हणूनच येथेही आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष असा, की स्वयंचलित ट्रान्समिशनमधील उष्णतेवर शोधलेले तिन्ही मार्ग, म्हणजे कूलर, तेल आणि लॉक-अप, एकमेकांची जागा घेत नाहीत; ते एकमेकांवर रचले गेले आहेत. आजच्या यंत्रात तिन्ही एकत्र नांदतात आणि म्हणून निदान करणाऱ्यास तिन्हींचा इतिहास ज्ञात असणे उपयुक्त ठरते.

दुसरे असे, की यातील निर्णायक बदल केवळ अभियांत्रिकीच्या तर्काने घडले नाहीत. देवमाशाच्या संरक्षणाने तेल बदलले आणि इंधनाच्या टंचाईने विस्मृतीत गेलेला लॉक-अप परत आणला. यंत्राच्या पोटातील बदलांची कारणे अनेकदा समाजात शोधावी लागतात.

तिसरा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष दुरुस्तीविषयी आहे. खर्चाच्या दृष्टीने पाहता या इतिहासातील सर्वांत मोठे नुकसान बिघाडाने नव्हे, तर चुकीच्या निदानाने झालेले दिसते. न धुतलेला कूलर, सैल केबल, बिघडलेला स्विच या क्षुल्लक कारणांपायी संपूर्ण गिअरबॉक्स बदलले गेले, आणि झिजलेल्या क्लचवर कूलरचा मुलामा चढविला गेला. दोन्ही चुकांचे मोल वाहनधारकाने मोजले. कारागिराचे पारंपरिक कौशल्य, म्हणजे वास, स्पर्श, प्रश्न आणि क्रमवार मोजमाप, या चुका टाळत असे. संकेत वाचणारे उपकरण त्या कौशल्याला पूरक आहे, पर्याय नाही.

अभियांत्रिकी आणि औद्योगिक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत यंत्राची रचना शिकविली जाते. त्याच्या बिघाडांचा इतिहासही शिकविला गेला, तर विद्यार्थी भाग बदलणारा न राहता कारण शोधणारा होईल. डिपस्टिक गाडीतून गेली असली तरी तिने लावलेली सवय, म्हणजे आधी पाहणे, मग मोजणे आणि शेवटी हात घालणे, ही शिक्षणातून जाऊ देता कामा नये.